नोर्माची वाटी

तूरिनला लेकीकडे राहायला गेलेली नोर्मा तिथेच वारल्याचा फोन आला, त्या दिवशी ओरेस्ते आपल्या गावात, मांतोव्हात, कुणालाही न सांगता तिकडे गेला आणि बायकोला पुरून परतला. आज लेक नातवंडांना आजीचं गाव दाखवायला आली. राजवाडा बघून सगळे नोर्माच्या आवडत्या खानावळीत शिरले. “ओरेस्ते, बायकोला कुठं लपवलंस?” मालकीण आर्जिया ओरडली. “की तूरिनमध्येच विसरून आलास?” तिने टेबलावर गरम रश्श्याची एक वाटी जास्त मांडून त्यात लाल वाइन ओतली. “येईलच ती. तिला असंच लागतं.” लेक पांढरीफटक पडली. “बाबा, तुम्ही सांगितलंच नाही?” “सांगितलं की ही वाटी बंद.” “मग मी सांगते.” “थांब.” ओरेस्ते उठून आर्जियापाशी गेला. “तिच्या वाटीत वाइन आणखी घाल,” तो म्हणाला. इथे माणूस गेलं की त्याच्या नावाचा कागद गावातल्या भिंतींवर लावतात. नोर्माचा अजून लागलेला नाही.