पहिला नंबर

"एआय निस्तं फेकत राहते, त्याच्या भरवशावर राहू नका गा," असं उन्मेष ऑफिसात चहाच्या प्रत्येक कपासोबत ऐकवायचा. एआयच्या चुका निस्तरण्यातच त्याचा दिवस खुर्चीत सरायचा. तरी कंपनीच्या आरोग्य मोहिमेत रोज दहा हजार पावलं चालून पहिला नंबर त्याचाच!

"काहून गा, तू चालतो तरी कधी?" शेजारची भैरवी विचारायची. तो नुसता हसायचा.

मंगळवारी भर मीटिंगमध्ये त्याचा मोबाइल थरथरला. कंपनीनं दिलेल्या स्मार्टवॉचच्या ॲपवर एआयचा निरोप होता, 'उन्मेष, तुमच्या हृदयाचे ठोके सकाळपासून अनियमित आहेत. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.'

तोवर ठणठणीत असलेला उन्मेष निरोप वाचताच घामाघूम झाला. छातीत धडधडू लागलं.

"मले कसंतरीच होऊन राहिलं वं भैरवी!"

तिनं त्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट रामदासपेठेतलं हॉस्पिटल गाठलं. वाटेत आईचे दोन फोन आले. म्हातारीच्या जिवाला उगाच घोर नको, म्हणून त्यानं दोन्ही कापले.

ईसीजीच्या खोलीत सिस्टर म्हणाली, "आडवे व्हा दादा. आणि हातात घड्याळ असेल तर काढून ठेवा."

उन्मेषनं हात पुढे केला.



मनगट रिकामं होतं. रोजची पावलं भरावीत म्हणून ते घड्याळ त्यानं महिन्यापूर्वीच, रोज लांबवर फिरायला जाणाऱ्या बाबांच्या हातात बांधलं होतं.