भट्टीत न गेलेला लायटर

विद्यापीठात तंबाखूबंदी लागू झाली त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी दिवंगत थोरल्या भावाचा पितळी लायटर भर सभेत जमा करायच्या पेटीत टाकला होता. “मामा, तुम्ही पुढे झालात की बाकीचे मागून येतील. सगळे लायटर भट्टीत वितळवू,” समितीप्रमुख सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते. त्या शब्दाखातर मामांनी सिगारेटऐवजी लवंगा चघळत पाच महिने काढले. आज रिकाम्या बाटल्या ठेवायला ते मागच्या कोठारात शिरले तर खिडकीशी सर सिगारेट पेटवत होते. पितळी झाकणाचा तो अडखळता आवाज मामांच्या ओळखीचा होता. सर आधी दचकले, मग लायटर तसाच पेटता धरून हसले. “अहो, इतकी सुंदर वस्तू वितळवणं जिवावर आलं. तुम्ही तर सोडलीत ना?” “म्हणजे भट्टी पेटलीच नाही, सर,” म्हणत मामा पुन्हा पुढे झाले आणि त्यांनी लायटरच्या ज्योतीवर फुंकर मारली.