उलटं दार

प्रार्थनाघराच्या दारावर पहिली लाथ बसली तेव्हा पाळक सुताराच्या शवपेटीपाशी उभे राहून बोलत होते. देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते दोन कामांसाठी. कष्ट करायला आणि राखण करायला.

"कष्ट केले की," सुताराचा मुलगा बहिणीच्या कानाशी पुटपुटला. "राखण कधी केली? वखारवाला येऊन शिव्या घालायचा आणि बाबा खाली मान घालून रंधा मारत राहायचे."

बहिणीनंही ते कितीदा पाहिलं होतं.

"म्हातारा गेला!" बाहेर वखारवाला गरजला. प्रार्थनाघराला लागूनच त्याची लाकडाची वखार होती. कोर्टात हरला तरी या जागेवरचा डोळा त्यानं काढला नव्हता. "पेटी उचला, नाहीतर आम्ही रस्त्यावर फेकतो!"

मग खांदे आदळू लागले. बायकांनी पोरं बाकांमागे ओढली.

"आणि दार तरी कसलं!" आत्या रडता रडता चिडली. "सगळ्या गावात शेकडो दारं बसवली माझ्या भावानं. देवाच्या घराचंच तेवढं चुकलं!"

ते खरंच उलटं होतं. बाकीची दारं आत उघडत, हे बाहेर. नवखा माणूस ढकलायला जाई आणि कपाळ आपटून घेई. दर रविवारी हशा. सुतारानं ना कधी उत्तर दिलं, ना दार बदललं.

"सगळे मिळून! हं!" बाहेरून आरोळी आली.

दार दणाणलं. जागचं हललं नाही. सुताराच्या मुलीनं मान वर केली. कडी मोकळीच लोंबत होती. गडबडीत कुणी लावलीच नव्हती.

पुन्हा दणका. ती बघत राहिली. प्रत्येक धक्क्यानं फळ्या चौकटीच्या खाचेत आणखी घट्ट बसत होत्या. बाहेरच्यांचाच जोर दार धरून होता. नुसतं ओढलं असतं तरी उघडलं असतं. पण चिडलेल्या माणसाला ढकलण्यापलीकडे काही सुचत नाही.

भाऊ कडीकडे धावला. तिनं त्याचा दंड धरला.

"कडी राहू दे, दादा. पेटी उचल."

चौघांनी पेटी खांद्यावर घेतली. ती दारापाशी गेली. बाहेरचे पुन्हा धावून यायला मागे सरले, तशी तिनं खांदा लावून दार सताड लोटलं. फळी पायरी झाडतच गेली. सगळ्यांत पुढे उभा असलेला वखारवाला चिखलात बसला आणि त्याची माणसं धडपडत बाजूला झाली. रस्त्यावर गल्ली गोळा झाली होती. एवढ्या लोकांदेखत पेटीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

सुतार आपल्याच दारातून बाहेर पडला.

"चुकलं म्हणत होतीस ना, आत्या?" मुलगी म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू फुटलं. "बाबांचं एकही दार चुकलं नव्हतं."