मोरीतला नळ

आतल्या मोरीत पुन्हा नळ वाजला. एस्तेरने लसणाची पाकळी बोटांतच चिरडली.

दुसऱ्यांदा! एवढ्यात दुसऱ्यांदा!

तिचा नवरा दानियल आतल्या खोलीत रूपालीला हिब्रू शिकवत होता. रूपाली नर्स, इस्रायलात म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीवर निघालेली. अख्ख्या नंदुरबारात ती भाषा येणारा हा एकच रिटायर रेल्वेवाला. आणि शिकवायला पुस्तक कुठलं, तर घरातलं यहुदी प्रार्थनेचं.

तिथेच एस्तेरला संशय आला होता. नियम तिला पाठ होता. गालाला, कपाळाला हात लागला तर चालतं. कुणाच्याही झाकल्या अंगाला लागला, की धुतल्याशिवाय त्या पुस्तकाला शिवायचं नाही. दानियल एक वेळ जेवण चुकवेल, नियम नाही चुकवणार.

मग सारखा नळ का वाजतो? कुणाच्या अंगाला लागतो मेल्याचा हात?

"शिकाडाले दार काबर लावनं पडस वं बाई?" शेजारची भिकुबाई कालच म्हणाली होती. वर शिकवणीच्या बंद दाराकडे बघत पदर तोंडाला लावून हसली.

हल्ली म्हाताऱ्याचं पोटही सपाट झालं होतं. बनियन बदलताना बायकोकडे पाठ करायचा. जसं काही लग्नच ठरलंय याचं!

एस्तेर उठली. मागे जाऊन तिने टाकीचा कॉक बंद केला. धू आता हात! पाणी नसलं तर मातीत चोळलेले चालतात, हेही तिला ठाऊक होतं. माती अंगणात. ती अंगणात जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने नळ कोरडाच गुरगुरला. दार उघडून दानियल बाहेर आला. शर्टाची वरची बटणं उघडी. जास्वंदीच्या आळ्यात वाकून त्याने हात मातीत चोळले.

"कुठे लागले हात?"

तो दचकला. "टाकी संपली का गं?"

"कुठे लागले ते सांगा!"

"हळू बोल. आत पोर आहे."

"पोर म्हणे! लाज नाही वाटत?"

रूपाली दारात आली. तिचे डोळे लाल होते. "काका, आते तरी सांगी द्या," ती म्हणाली.

एस्तेरच्या मस्तकात तिडीक गेली. "सांगाच! होऊन जाऊ दे एकदाचं!"

दानियलने मातीच्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिचा हात आपल्याच शर्टात, डाव्या काखेखाली नेला.

तिथे लिंबाएवढी गाठ होती.