माळ्यावरचा वारा

"मनीषा, माळ्याचा झरोका पुन्हा उघडा ठेवलास ना?" भागाबाईंनी बाजेवरूनच विचारलं.

शिडीवर उभी असलेली मनीषा दचकली. सासूला दिसत कमी होतं, पण वारा कुठून शिरतो ते या बाईला बरोबर कळायचं!

"आत्याबाई, वर बहुत गरम होऊन राहिलं. हवा नको का खेळायला?"

"मग केळी पिकतील कशी? अढी काय वाऱ्यात घालतात का गं? लाव तो!"

मनीषानं झरोका लोटला. सासूचा डोळा लागला तसा पुन्हा उघडला.

हर्षल सुरतेला कामाला निघाला, तेव्हा आईच्या पाया पडून हसत म्हणाला होता, "माळ्यावरची केळी पिकली की आलोच." तेव्हापासून भागाबाई रोज नाक वर करून वास घ्यायच्या. बहादरपुरात केळ्यांना काय तोटा! पण म्हातारीचा जीव अडकला होता तो माळ्यावरच्याच केळ्यांत.

आणि मनीषाला त्याच वासाची धास्ती. केळी पिकली आणि 'हर्षल कुठंय?' असं या माउलीनं विचारलं, तर सांगायचं काय? म्हणून ती झरोक्याला ओलं पोतं लावायची, सुकी पानं सैल करायची, फण्यांमधून गार वारा फिरू द्यायची. तरी एखादी फणी पिवळी पडलीच, तर धाकटा दीर भूषण मागच्या दारानं मळ्यातली हिरवी आणून द्यायचा.

"वहिनी, कब तक चालवायचं हे?" तो एकदा म्हणाला.

"चालेल तितके दिवस. माझ्याच्यानं नाही सांगवत, भाऊजी."

दुपारी माळ्यावर मोठं बरं वाटायचं. तापीवरचा वारा झरोक्यातून यायचा, सुकी पानं कुजबुजायची, हिरव्या फण्यांवर उजेड पाण्यासारखा हलायचा. मनीषा तिथंच आडवी व्हायची. केळी हिरवी आहेत तोवर वेळ पुढं सरकतच नाही, असं तिला गुंगीत वाटायचं. खोटं का होईना, पण त्या वाटण्यात सुख होतं.

अक्षय्य तृतीयेची आखाजी जवळ आली. अशाच एका दुपारी शिडी करकरली आणि तिला जाग आली. बघते तर भागाबाई चाचपडत वर आलेल्या!

"अहो आत्याबाई, पडाल ना!"

म्हातारीनं ऐकलं नाही. हातानं शोधत झरोका गाठला, घट्ट लावला. फण्यांवर पानं नीट पसरली. मग अंधारात मनीषाला जवळ ओढून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"आता नको उघडू, पोरी. पिकू दे," त्या म्हणाल्या. "त्याला केळं बहुत आवडायचं. आखाजीला पितरांच्या घागरी भरू, तेव्हा यंदा हर्षलचीबी भरावी लागंल ना."