ग्रीसचा पंजा

तोफेत गोळा सरकवण्याआधी मावशी त्याच्या पाठीवर थाप मारायची, "सरळ जा." आमच्या यानातून सुटणाऱ्या प्रत्येक गोळ्यावर तिच्या ग्रीसभरल्या पंजाचा ठसा असायचा. सकाळी शत्रूवर डागलेला गोळा हुकला. शत्रू पळाला, पण गोळा खालच्या ग्रहाला वळसा घालून मागून आमच्याच अंगावर येत होता. इंजिन बंद पडलेलं. कप्तान येरझाऱ्या घालत होता. "मावशी, शेवटचा गोळा उरलाय. त्यानंच त्याला उडव." "एवढ्याशा गोळ्यावर नेम कसला लागतोय? तोफ बाजूला वळवते. धक्क्यानं आपणच सरकू." तिनं थाप मारून गोळा सोडला. भांडी खणखणली, यान बाजूला ढकललं गेलं. खिडकीबाहेरून सकाळचा गोळा गेला. त्यावरचा पंजा ओळखू आला. "सुटलो," म्हणत कप्तान मटकन बसला. मावशी खिडकीपासून हलली नाही. "आत्ताचाही फिरून येईल ना रे?" कप्तान पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.