दुसरा ब्रेक

"बाबा, आता तुम्ही तुमचा त्रास सांगायचा," मुलीनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. "मी फक्त ऐकणार."

"मला काही त्रास नाही."

"सगळ्यांना असतो."

"मग हाच एक धर. रविवारची झोप मोडलीस."

मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला ऐकण्याचं प्रात्यक्षिक असतं. समोरच्यानं आपलं दुखणं सांगायचं. ऐकणाऱ्यानं तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं आणि गप्प बसायचं. सल्ला द्यायचा नाही. सांगायला सोपं आहे, पण या घरात आजवर कोणी कोणाचं वाक्य पुरं होऊ दिलेलं नव्हतं. आत्याला समोर बसवून केलेलं पहिलं रेकॉर्डिंग मॅडमनी परत पाठवलं होतं. "आत्या दोन वाक्यं बोलल्या, बाकी सगळी तूच. एवढे सल्ले देतेस, फी किती घेतेस?" उद्या दुसरं दिलं नाही तर विषय राहणार होता, आणि पुढच्या वर्षी मनोरुग्णांच्या केंद्रात काम करायची संधीही जाणार होती. त्या कामासाठीच तर तिनं घरच्यांशी भांडून हा विषय घेतला होता.

बाबा गाडी चालवायला शिकवत. घरची गाडी तीच क्लासची गाडी. तिला त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि सवय अशी जडलेली की घरी खुर्चीत बसले तरी त्यांचा उजवा पाय मधूनमधून फरशी दाबायचा.

"एक नवीन पोरगा आलाय," बाबा अखेर म्हणाले. "उजवीकडे वळ म्हटलं की डावीकडे बघतो. पालथ्या घड्यावर पाणी."

"म्हणजे तो तुमचं ऐकत नाही, असं तुम्हाला वाटतं."

"वाटतं कशाला? नाहीच ऐकत."

"तुम्हाला खूप वैताग येतो."

"आत्ता तेच म्हणालो ना? कानात बोळे घातलेस का?"

"त्यांना वैताग नाही, पित्त झालंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "रिकाम्या पोटी चार-चार कप चहा पिऊन निघतात."

"आई, सल्ले नकोत. रेकॉर्डिंग चालू आहे."

"मी कुठे सल्ला देतेय? मी कारण सांगतेय."

मुलीनं कपाळावर हात मारला. आई ओल्या हातांनी दारात आली. "या घरात बाकी सगळ्यांना विचारतात. मला कोणी विचारत नाही."

बाबांना चेव आला. त्यांनी मुलीकडे बघून डोळा मिचकावला, मान अगदी तिच्यासारखी तिरकी केली आणि तिच्याच आवाजात म्हणाले, "म्हणजे तुला कोणी विचारत नाही, असं तुला वाटतं."

आता पेटणार, म्हणून मुलीनं मोबाइलकडे हात नेला. पण आईनं पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

"हो," ती म्हणाली. "वाटतं."

बाबांची चेष्टा त्यांच्याच अंगाशी आली. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं ओठांवर बोट ठेवलं.

"गावभर लोकांना तुम्ही गाडी शिकवली," आई म्हणाली. "त्या कापडवाल्याच्या आईलासुद्धा. तिला चष्मा लावूनही समोरचं दिसत नाही. आणि मी मागच्या सीटवर, मांडीवर डबे घेऊन."

"अगं, पण तुला..." बाबांनी सुरुवात केली. मुलगी खोकली. "म्हणजे," बाबा अडखळले, "तुला गाडी शिकायचीय, असं..."

"शिकायची नाही. शिकले."

बाबांचा पाय फरशीवर आपटला.

"चौकातल्या त्या दुसऱ्या क्लासला नाव घातलं. परवा परीक्षा आहे."

महिनाभर रोज सकाळी आई भाजीला म्हणून बाहेर पडत होती आणि भाजीही आणत होती. कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. आई, मग आधी सांगायचंस ना, असं मुलीच्या अगदी जिभेवर आलं. त्यापाठोपाठ चांगले तीन सल्लेही आले. तिनं ते गिळले. मोबाइलवरचे आकडे पुढे सरकत होते.

"त्याच्याकडे?" बाबा म्हणाले. "त्याला धड रिव्हर्स घेता येत नाही."

"पण तो ओरडत नाही," आई म्हणाली.

नळ नीट बंद झाला नव्हता. स्वयंपाकघरात थेंब पडत होता आणि एरवी आई त्यासाठी तीनदा उठली असती. बाबांना फार वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायला हाताशी एकही सूचना नव्हती.

"म्हणजे मी ओरडतो," ते म्हणाले. पुढचं 'असं तुला वाटतं' त्यांनी जोडलं नाही.

"हो."

मुलीला आपल्याच घरात हे ऐकू येतंय याची भीती वाटली, आणि बरंही वाटलं. उद्या मॅडम पास नक्की कोणाला करतील, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

बाबांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि आईच्या पुढ्यात सरकवली. "सरावाला लागेल."

"उद्या सकाळी. शेजारी तुम्हीच बसा," आई म्हणाली. "पण आत्ता बसलात ना, असंच."

"आधी आरसा नीट..."

मुलगी खोकली.

बाबा गप्प झाले. हात मांडीवर, मान तिरकी, चेहऱ्यावर सगळं ऐकून घेण्याची तयारी. टेबलाखाली मात्र त्यांनी ब्रेक जीव खाऊन दाबून धरला होता.